यावाच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या

१

वेलोकोपेच्या वाचनालयातून चिठ्ठ्यांचा डबा नाहीसा झाला, तेव्हा गावाने सगळ्यात आधी ग्बेवेसाहेबांचा फायदा मोजला. मोजायला तो सोपाही होता. डबा गेला म्हणजे मुलांच्या खोलीत मुलं येतात, वाचतात, याचा पुरावा गेला. पुरावा गेला म्हणजे गुरुवारी येणाऱ्या तपासनीस बाई खोली बंद करणार. आणि खोली बंद झाली की ती भिंतीपलीकडच्या नगर कचेरीला, म्हणजे कचेरीचे सचिव फॉर्च्युन ग्बेवे यांना मिळणार. दोन खिडक्या, एक चालू पंखा आणि दुपारभर आंब्याची सावली. उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं, तसे ग्बेवे तीन वर्षं त्या पंख्याकडे बघत होते.

डबा पत्र्याचा, मूळचा बिस्किटांचा. खोलीतला रिवाज असा, की पुस्तक वाचून झालं की मुलाने एक चिठ्ठी लिहायची: हे कुणी वाचावं, का वाचावं, आणि हे आवडलं तर पुढे काय घ्यावं. चिठ्ठी पुस्तकाच्या पाठच्या खिशात राही. पुढचा वाचणारा तिच्यावर उत्तर लिही, आणि उत्तर आलेल्या चिठ्ठ्या डब्यात जात. 'ज्याला मोठा भाऊ नाही त्याने वाच. असेल तर वाचू नकोस, रडशील.' 'पहिली वीस पानं कंटाळा आहे. आईच्या प्रवचनासारखी. पुढे मजा.' असला माल त्या डब्यात होता, तीनशेवर.

मंगळवारी सकाळी फळी रिकामी दिसली. ग्रंथपाल देदेई मॅडम त्या फळीसमोर उभ्या राहिल्या, मग व्हरांड्यात आल्या. व्हरांड्यात रोजच्या खुर्चीवर, रोजचं वर्तमानपत्र घेऊन क्लुत्से बसले होते.

"रजिस्ट्रार, तुम्हीच शोधा आता," त्या म्हणाल्या. "परवा बाई येणार. डबा नसला तर मी त्यांना दाखवू काय? धूळ?"

कोजो क्लुत्से यांनी जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत अडतीस वर्षं काढली होती. गाव त्यांना नावाने हाक मारत नसे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते 'रजिस्ट्रार'च होते. त्यांना कुठलीही तारीख सांगा, वार तयार. इकडे वाराला मोठी किंमत. सोमवारी जन्मला तो कोजो, शुक्रवारची पोर आफी. बारशाचं, बायबलमधलं, बापाच्या हौसेचं नाव मागून येतं, वाराचं नाव मूल पोटातून घेऊनच येतं. अजूनही तरुण आया बाळ पाठीवर बांधून व्हरांड्यात येत आणि विचारत, "रजिस्ट्रार, सासू म्हणते बुधवार, मी म्हणते गुरुवार." ते डोळे मिटून म्हणत, "सासू चुकली." एवढ्यावर ती बाई आठवडाभर खूश.

पण टाळी मात्र त्यांना अडतीस वर्षांत कुणी दिली नव्हती. नोंदणीला टाळ्या नसतात. मॅडमनी 'तुम्हीच' म्हटलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी जरा जास्तच सावकाश घातली.

२

"कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोन," क्लुत्से म्हणाले. "एक मॅडमकडे. एक तुझ्याकडे."

"आलंच माझ्यावर!" रखवालदार गॉड्सवे झाडू आपटून म्हणाला. "गरिबाकडे किल्ली असली की चोर, आणि साहेबाकडे असली की जबाबदारी. मी काय करू त्या कागदांचं? मला वाचता येत नाही, आणि माझ्या बायकोला येतं म्हणून तर लिहिलेला कागद मी घरी नेत नाही."

"म्हणजे डबा उघड्या वेळेतच गेला. सोमवारी शेवटी कोण बाहेर पडलं?"

"कोण पडणार? तीच. आबोलोवाली."

आबोलोवाली म्हणजे सेनाम. सोळा वर्षांची, हाडापेराने उंच, शाळेत दोनदा त्याच वर्गात बसलेली. वर्गातल्या लहान पोरांत तिचं डोकं वर निघे, म्हणून ती डोकं खालीच ठेवी. शाळा सुटली की मावशीने उकडलेले मक्याचे आबोलो पानात गुंडाळून विकायचे, आणि मग टोपलं व्हरांड्यात ठेवून खोलीत कोपऱ्याची जागा धरायची, असा तिचा क्रम. बोलायची नाही. महिन्याभरात तिच्या तोंडून जेवढे शब्द पडत, त्यापेक्षा जास्त गॉड्सवे एका शिवीत वापरी.

"कशी गेली?"

"कशी म्हणजे? पायांनी. टोपलं डोक्यावर, एक हात वर धरलेला. मी म्हटलं, पोरी, सावकाश, पायरी मोडकी आहे. तर हसली. ती हसली म्हणून माझ्या लक्षात राहिलं."

क्लुत्सेंनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं. त्यांना तेव्हा नुसतं टोचल्यासारखं झालं. कुठे टोचलं ते कळायला दुपार झाली, भूक लागली, आणि सोमवारची भूक आठवली.

सोमवारी तीन वाजता त्यांनी सेनामला हाक मारली होती. "दोन आबोलो दे गं, तळलेली मासळी असेल तर तीही." ती म्हणाली होती, "संपलं. शाळेच्या फाटकातच संपलं." आणि ते रिकाम्या पोटी अग्रलेख वाचत बसले होते.

वेलोकोपेतली शेंबडी पोरसुद्धा सांगेल, भरलेलं टोपलं डोक्यावर जातं आणि रिकामं काखेत येतं. रिकामं टोपलं हाताने धरून, जपून, डोक्यावरून कुणी नेत नाही.

मग त्या टोपल्यात होतं काय?

३

खरं तर इथेच काम संपत होतं. पण क्लुत्से नोंदवहीचा माणूस. एक रकाना भरला की त्यांना शेजारचा रिकामा खुपायचा. चोर सापडला. चोरी का? तीनशे चिठ्ठ्यांची रद्दी शेंगदाणे बांधायलाही पुरायची नाही. कुणी तिला पाठवलं असेल का? पाठवलं असेल तर ज्याला खोली हवी त्याने. ते भिंतीपलीकडे गेले.

"या, रजिस्ट्रार! चोर पकडायला आलात?" ग्बेवे पुठ्ठ्याने वारा घेत होते. "बसा. खुर्ची तापलेली आहे, पण इथे सगळंच तापलेलं आहे. मला खोली हवी आहे हे काय गुपित आहे? तीन अर्ज केलेत मी, शिक्क्यासकट. अर्ज करणारा माणूस चोरी करत नाही हो, त्याला तेवढा धीर असतो."

"म्हणजे तुम्हाला डब्याशी देणंघेणं नाही."

"मला आकड्याशी. वरचा नियम आहे, वर्षाला साठ मुलं. साठ झाली तर खोली राहील, एकोणसाठ झाली तर जाईल. मी बघत होतो, चाळीस-पन्नासच्या वर यांची गाडी जात नव्हती. आणि यंदा किती झाली म्हणे?"

"साठ."

"एकसष्ट नाही? अठ्ठावन्न नाही?" ग्बेवेंनी पुठ्ठा खाली ठेवला. "तुम्ही जन्म मोजलेत आयुष्यभर. तुमच्या कचेरीत कधी एखाद्या वर्षी नेमकी पाचशे बाळं जन्मली होती का हो?"

क्लुत्से हसले नाहीत. हा माणूस आपल्या हातात सुई देतो आहे हे त्यांना दिसत होतं. सुई चांगली होती, म्हणून त्यांनी ती घेतली.

४

"डबा शोधायचाय ना? मग सभासद मुलांची कार्डं कशाला?" देदेई मॅडम म्हणाल्या.

"चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते कळायला."

त्यांचा हात खणावर जरा जास्त वेळ राहिला. मग त्यांनी साठ कार्डं काढून दिली आणि पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळायला बसल्या. शनिवारी त्यांचा तो खेळ असे. पुस्तक कागदात बंद, वर तीनच ओळींची खूण, आणि मुलाने खुणेवरून निवडायचं. 'यात एक मुलगी खोटं बोलते आणि सगळ्यांचं भलं होतं' असं त्या लिहीत होत्या. कुठल्या पोराला कुठलं पुस्तक लागेल, हे मॅडमना शिंप्यासारखं नजरेनेच कळे. फुटबॉलवेड्या पोरांना त्यांनी नदीवरच्या चोरांच्या गोष्टी लावल्या होत्या, आणि मोबाइलवेड्यांना कविता. मॅडम राजधानीतल्या, गा जमातीच्या. देदेई म्हणजे घरातली पहिली मुलगी. त्यांच्याकडे नाव सांगतं मूल कितवं. वार सांगत नाही.

क्लुत्से कार्डं चाळू लागले. चाळताना सवयीने ओठ हलत होते: तारीख, वार, नाव.

'कोफी. सहा जुलै दोन हजार दहा.' मंगळवार. मंगळवारच्या मुलाला शुक्रवारचं नाव, कोफी?

एखादी चूक होते. बाप पिऊन येतो, कारकून झोपेत असतो. त्यांनी ते कार्ड बाजूला ठेवलं.

'आजो. दोन नोव्हेंबर दोन हजार आठ.' रविवार. सोमवारचं नाव रविवारच्या पोरीला कोण देईल? तिची आजी जिवंत नव्हती का?

'यावा. चौदा मार्च दोन हजार नऊ.' शनिवार. गुरुवारचं नाव. हीच तारीख आणखी एका कार्डावर नुकतीच दिसली होती, पण एवढ्या गावात एका दिवशी दोन पोरी जन्मायच्याच, म्हणून ते पुढे गेले.

शेवटी बाजूच्या ढिगात नऊ कार्डं झाली. आणखी दोन त्याच शाईची, त्याच घाईची; त्यांचे वार नशिबाने जुळलेले. अकरा. साठातून अकरा गेले, राहिले एकोणपन्नास.

त्यांनी वर पाहिलं. मॅडम त्यांच्याकडेच बघत होत्या, हातातली दोरी अर्धी बांधलेली.

"सापडलं काही?" त्यांनी विचारलं.

"बघतो," क्लुत्से म्हणाले. कचेरीत अडतीस वर्षं या शब्दाचा अर्थ 'उद्या या' असा होता.

५

बुधवारी शाळेच्या फाटकाशी त्यांनी सेनामकडून चार आबोलो घेतले आणि एक सोलत सहज म्हणाले, "परवा टोपलं डोक्यावर होतं तुझं. रिकामं असून."

पोरांचा लोंढा दोघांच्या बाजूंनी वाहत गेला.

"मी मावशीला सांगणार नाही. पण मॅडमचा जीव टांगणीला आहे. गुरुवारी बाई येणार."

"गुरुवार होऊ दे," ती म्हणाली. तिचा आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा होता. "शुक्रवारी डबा जागेवर असेल. शपथ. तेवढं थांबा, रजिस्ट्रार."

"कुणासाठी?"

"यावासाठी."

"यावा कोण तुझी?"

"मैत्रीण. चिठ्ठ्यांतली. तीही एकाच वर्गात दोनदा बसली. मी नापास झाले त्या आठवड्यात तिने मला पुस्तक सांगितलं, बेटावर एकट्या राहिलेल्या पोरीचं. म्हणाली, आधी शेवट वाच, म्हणजे भीती वाटणार नाही. मग मी सुरुवात वाचली." एवढं बोलून ती दमल्यासारखी झाली. "थांबाल ना?"

क्लुत्सेंनी मनातल्या मनात रकाना भरला. पोरीला एकच मैत्रीण. मॅडमनी सांगून ठेवलंय, बाई चिठ्ठ्या राजधानीला नेणार. मैत्रिणीच्या चिठ्ठ्या जातील म्हणून हिने डबाच पळवला. आणि बिचारीला हे माहीत नाही, की ही मैत्रीण आईच्या पोटी जन्मलेलीच नाही.

उकल इतकी देखणी होती, की ती पोटात ठेवणं त्यांना आबोलोपेक्षा जड जाऊ लागलं.

"बघतो," ते म्हणाले.

६

गुरुवारी तपासनीस आगयेकुम बाई आल्या त्या घामाघूम, पुढच्या गावी जायच्या घाईत. त्यांनी वही पाहिली, साठ मोजले, पंखा मोजला. कोपऱ्यात सेनाम होती, दारात गॉड्सवे, आणि ग्बेवे 'सहज' आले होते.

"डबा हरवला म्हणता? हरवतात," बाई म्हणाल्या. "मी 'डबा गहाळ' असं लिहिते. आकडा पुरा आहे. खोली चालू राहील. कुठे सही करायची?"

झालं होतं. पेन कागदावर टेकलं होतं. देदेई मॅडमनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"गहाळ कशाला लिहिता, बाई?" ग्बेवे गोड आवाजात म्हणाले. "आमच्या रजिस्ट्रारनी शोध लावला म्हणे. गावात असा डोक्याचा माणूस दुसरा नाही. विचारा ना."

सगळ्यांचे चेहरे क्लुत्सेंकडे वळले.

इथे त्यांना 'नाही सापडला' एवढे दोन शब्द बोलायचे होते. पुढे कित्येक महिने ते हे दोन शब्द दात घासताना, चर्चमध्ये, जेवताना बोलत राहिले. पण त्या दुपारी खोलीत पाच जण त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि अडतीस वर्षांत एवढे डोळे एका वेळी त्यांच्यावर कधी लागले नव्हते. सेनाम नकाराची मान हलवत होती, जेमतेम दिसेल इतकी. त्यांना ते दिसलं. ते उभे राहिले.

त्यांनी टोपल्यापासून सुरुवात केली. भरलेलं डोक्यावर, रिकामं काखेत. गॉड्सवेने मांडीवर थाप मारली. "अरे देवा, माझ्या डोळ्यांसमोरून!" ती थाप क्लुत्सेंना लागली, दारू लागते तशी.

"पण का?" त्यांनी स्वतःच विचारलं. "पोरगी चोर नाही. तिला मैत्रीण जपायची होती. आणि ती मैत्रीण..." त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "यावा. गुरुवारचं नाव. जन्म चौदा मार्च, शनिवार. बाई, शनिवारच्या मुलीला इकडे कुणी यावा म्हणत नाही. अशी कार्डं अकरा आहेत, एका हातची. हा हात इकडचा नाही. इकडचा असता तर वार चुकला नसता."

मग ते थांबले. टाळीला जागा ठेवतात तसे.

आगयेकुम बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे एकोणपन्नास," ग्बेवे म्हणाले, अगदी हळू, कुणी आजारी असलेल्या घरात बोलावं तसे.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. सेनाम उभी राहिली, सगळ्यांपेक्षा उंच.

"ते मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, रजिस्ट्रार," ती म्हणाली. "तिने लिहिलं, आपला वाढदिवस एकच, चौदा मार्च, वर्षही तेच. माझं वाराचं नाव आमा आहे. शनिवार. तुम्हीच मावशीला सांगितलं होतं, तुमच्याच कचेरीत. माझ्या दिवशी जन्मली तर ती यावा कशी असेल? मी कमी बोलते. खुळी नाही."

"मग डबा..." क्लुत्से म्हणाले.

"चिठ्ठ्या वाचल्या असत्या तर बाईंनाही कळलं असतं. अकरा जणांचा हात एक. मी सगळ्या वाचल्यात, मला दिसतं. वहीत फक्त नावं आहेत. म्हणून मी डबा नेला. एक दिवस. तुम्हाला म्हटलं होतं, थांबा."

देदेई मॅडम पुस्तकांच्या फळीला टेकल्या होत्या. "सेनाम, तुला माहीत होतं? मग एवढी उत्तरं कुणाला लिहीत होतीस?"

"तुम्हाला," सेनाम म्हणाली. आणि मोडक्या पायरीवरून, काखेत टोपलं मारून, निघून गेली. डबा तिने संध्याकाळी मावशीच्या हाती पाठवून दिला.

७

महिन्याभराने खोली रिकामी करताना चिठ्ठ्यांची यादी करायचं काम क्लुत्सेंनी मागून घेतलं. दुसरं कुणी ते मागितलंही नव्हतं.

त्यांनी चिठ्ठ्या हातांप्रमाणे लावल्या. दहा खोट्या मुलांची एकेक चिठ्ठी, फक्त एकेक. मूल 'वाचणारं' ठरायला एक चिठ्ठी पुरत होती. नियमात तसंच होतं. यावाच्या चिठ्ठ्या मात्र त्रेचाळीस.

ते पुन्हा मोजून बसले. आकड्यासाठी एक लागत होती. उरलेल्या बेचाळीस कोणत्या नियमासाठी होत्या? मॅडमना त्यांचा एका पैचा फायदा नव्हता. रात्री जागून, हात बदलून, 'आधी शेवट वाच' असं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं प्रकरण उलगडलं असं समजून ते खोलीभर बोलले होते आणि हा एवढा मोठा आकडा मोजायचाच राहिला होता. डबा हाताशी नव्हता, खरं. पण मुलीला एकदा विचारता आलं असतं, तुझ्याकडे किती आल्या?

सेनामची उत्तरं चव्वेचाळीस भरली. एक जास्त. ती डब्यात नव्हती. तिने परत केलेल्या शेवटच्या पुस्तकाच्या खिशात होती, त्या गुरुवारनंतरची.

'यावा, हे पुस्तक मला आवडलं नाही. शेवट आधी वाचला तरी भीती वाटलीच. तू असतीस तर आपण भांडलो असतो.'

क्लुत्सेंनी ती चिठ्ठी यावाच्या कार्डामागे ठेवली आणि कार्ड हातात धरून बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना एक नियम सांगितला होता: जन्माची नोंद नसेल तर मृत्यूची नोंद होत नाही, दाखला मिळत नाही, उगाच रांगेत उभं राहू नका. पहिल्यांदाच त्यांना वाटलं की रांगेत उभं राहावं.

आता हिशेब. ज्यांचा फायदा गावाने आधी मोजला होता, त्या ग्बेवेंनी बोटसुद्धा उचललं नाही आणि पंखा मिळवला. तो पंधरा दिवसांत जळाला, एवढंच त्यांच्या नावे खर्ची पडलं. देदेई मॅडमची बदली उत्तरेला झाली, जिथे लहान मुलांसाठी फक्त रंगीत तक्ते आहेत. एकोणपन्नास खरी मुलं सध्या आंब्याखाली फुटबॉल खेळतात. रजिस्ट्रार व्हरांड्यात येतात, पण आया विचारतात तेव्हा म्हणतात, सासूला विचार.

आणि सेनाम अजूनही आबोलो विकते. व्हरांड्यापाशी आली की टोपलं काखेत असलं तरी डोक्यावर चढवते, एक हात वर धरते, म्हणजे त्या बाजूचं माणूस दिसत नाही. क्लुत्से हाक मारत नाहीत. भूक त्यांना रोज तीनलाच लागते.